आर आणि सी प्लस प्लस यांमधील सांधा

डर्क एडेलब्युटेल यांच्या २०१३ सालच्या ग्रंथात आरसीपीपी या साधनाने साधलेल्या संयोगास ‘सीमलेस’, म्हणजे सांधाविरहित, असे विशेषण शीर्षकातच लावले आहे. आर ही दुभाष्याकरवी चालणारी भाषा. सी प्लस प्लस ही आगाऊ संकलित होणारी. आरमधून सी प्लस प्लसकडे जाताना हे विशेषण बव्हंशी सार्थ ठरते. उलट दिशेने, संकलित भागातून आरचे फलन बोलावताना, मात्र ते टिकत नाही.

ताडोबा-अंधारीसारख्या अरण्यातील व्याघ्रगणनेचे उदाहरण घ्यावे. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत छायाचित्रांवरून वाघांची घनता काढताना स्थाननिष्ठ ‘पकड-पुनर्पकड’ पद्धती वापरली गेली. तीत कॅमेरा आणि अधिवासबिंदू यांमधील अंतर कळीचे असते. एखाद्या संशोधकास इरई जलाशयाला वळसा घालून हे अंतर मोजावेसे वाटेल (वाघ उत्तम पोहतो, हा आक्षेप तूर्त बाजूस ठेवू) आणि तसे फलन तो आरमध्ये लिहील. ६० कॅमेरे व २,००० बिंदू धरल्यास जोड्या होतात १,२०,०००. संकलित आवर्तनातून प्रत्येक जोडीसाठी आरला हाक मारली, तर तितक्याच वेळा दुभाष्यास बसवावे व उठवावे लागते. संकलनाचा लाभ तेथेच संपतो. माडिया भाषकाची जबानी मराठीत उतरवताना दुभाष्याला शब्दाशब्दाला कोणी अडवीत नाही. मरे एफर्ड यांच्या एसईसीआर या संचात हे तारतम्य दिसते: वापरणाऱ्याचे अंतर-फलन सर्व कॅमेरे व सर्व बिंदू एकदम घेते आणि अंतरांची एकच सारणी परत करते. पुढील मोजणी संकलित भाग त्या आकड्यांवर करतो.

गतीहून गंभीर प्रश्न अर्थाचा आहे. आरचे फलन काय परत करील हे संकलकाला ठाऊक नसते. एका आकड्याऐवजी दोन आले, तर चूक प्रत्यक्ष चालवतानाच उघडी पडते. फलन केवळ नावाने मागितल्यास शोध सार्वत्रिक परिसरापासून सुरू होतो. वापरणाऱ्याने त्याच नावाचे दुसरे फलन तेथे ठेवले असेल, तर मुकाट्याने तेच चालते आणि उत्तर चुकीचे असूनही कोठे खटकत नाही. म्हणून फलन नावाने न मागता युक्तिपद म्हणून हाती द्यावे, किंवा त्याचा संच स्पष्ट सांगावा. समांतर धाग्यांतून तर आरला हाक मारताच येत नाही. आरचा दुभाषा एका वेळी एकाचेच ऐकतो.

आरसीपीपीच्या सुबक लेखनरूपामुळे ही हाक साध्या सी प्लस प्लस फलनासारखीच दिसते. सांधा तेथे असतोच. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, एवढेच.