नामदार गोखल्यांचें ‘मत’

आमच्या भाषेंत ‘मत’ हा एकच शब्द दोन कामें करतो. मनाला जें पटतें तेंहि मत, आणि सभागृहांत बाजू घेऊन जें दिलें जातें तेंहि मतच. या दोहोंत अंतर पडणार नाहीं अशी शब्द रूढ करणाऱ्यांची समजूत असावी. लोकप्रतिनिधीची खरी परीक्षा मात्र त्या अंतरांतच होते. त्यानें काय म्हटलें हें त्याच्या भाषणांत सांपडतें. प्रसंग आला तेव्हां तो कोणत्या बाजूस उभा राहिला हें शोधून काढावें लागतें. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतींत हा शोध घेण्याची बुद्धि आम्हांस कशी झाली, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

मंगळवार पेठेंतील एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही चार-पांच मंडळी रविवारीं सकाळीं वाचनास बसत असतों. शेजारच्या तालमींतील पोरांचा गलका आणि खालच्या चुलीवरचा चहा यांच्या सोबतीनें पटवर्धन, आंबेकर प्रभृतींनीं संपादिलेले गोखल्यांच्या भाषणांचे व लेखांचे तीन इंग्रजी खंड आम्हीं अलीकडे वाचून संपविले. गोखल्यांविषयीं या गांवास थोडी आपलेपणाची भावना असणें स्वाभाविक आहे. वडील कागलास नोकरीला. शिक्षण कागलास व कोल्हापुरास. कॉलेजचा आरंभ राजाराम कॉलेजांत. वडील वारल्यावर थोरल्या भावानें पंधरा रुपये पगाराची नोकरी धरून त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्यास पाठविले, ही हकीकत आमच्या पिढीनें शाळेंतच ऐकलेली. तेव्हां आम्ही वाचावयास बसलों ते भक्तिभावानें बसलों, हें कबूल करतों. उठतांना आमच्यांत भांडण झालेलें होतें.

संपादकांचे परिश्रम मोठे आहेत. १९६२ ते १९६७ या काळांत निघालेल्या या खंडांची विभागणी विषयवार आहे: पहिल्यांत अर्थकारण, दुसऱ्यांत राजकारण, तिसऱ्यांत शिक्षण. अभ्यासकास ही सोय आहे, यांत शंका नाहीं. पण एकाच माणसाच्या आयुष्यांतील लागोपाठचे प्रसंग तिनें तीन कपाटांत कोंडले जातात. १९१० च्या फेब्रुवारींत मुद्रणस्वातंत्र्यावर गोखले काय बोलले तें एका खंडांत, आणि पुढच्याच महिन्यांत सक्तीच्या शिक्षणाचा ठराव त्यांनीं मांडला तो दुसऱ्या खंडांत. दोन्ही पानें शेजारीं ठेवल्यावांचून माणूस दिसत नाहीं. शिवाय भाषणसंग्रहाचा धर्मच असा कीं, त्यांत वक्ता बोलतो आणि सभा मुकी राहते.

मतांची नोंद शोधूं जातां पहिली अडचण अशी कीं, आरंभींच्या काळांत ती जवळजवळ नाहींच. १८९२ च्या कायद्यान्वयें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सभासदांस अंदाजपत्रकावर बोलतां येई, प्रश्न विचारतां येत. अंदाजपत्रकावर मत देतां येत नसे. १९०२ च्या मार्चांत गोखल्यांनीं आपलें पहिलें बजेटाचें भाषण केलें तें या बंधनांत. सरकारची शिल्लक पाहून इतर सभासद अभिनंदन करीत असतां यांनीं त्यांत सामील होण्याचें नाकारलें आणि ही शिल्लक म्हणजे रयतेवर गरजेहून अधिक लादलेल्या कराची खूण आहे, असें आंकड्यांनीं दाखविलें. मिठावरील कर त्या वेळीं मणास अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. हें सर्व एकट्या गोखल्यांच्या वाणीचें फळ असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण मत नसलेल्या माणसाच्या बोलण्यासहि वजन येऊं शकतें, याचा हा चांगला दाखला आहे. बजेटांवरील भाषणें आजहि वाचावींत. त्यांत अलंकार शोधणारा निराश होईल, हिशेब समजणारा होणार नाहीं.

आंकड्यांची ही करडी शिस्त त्यांच्या अंगीं कोठून आली? कांहीं अंशीं रानड्यांच्या तालमींतून, हें प्रसिद्धच आहे. परंतु १८९७ ची माफी विसरतां येत नाहीं. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांतील सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत पत्रांवरून त्यांस कळली, ती त्यांनीं इंग्लंडांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा उभा करतां येईना, आणि त्यांनीं बिनशर्त क्षमा मागितली. लोकांनीं त्यांस भित्रा म्हटलें. आम्ही म्हणणार नाहीं. जें सिद्ध करतां येत नाहीं तें मागें घेणें हा सभ्यपणाच होय. मात्र त्या चटक्यानें त्यांच्या स्वभावांत एक सावधपणा कायमचा मुरला, असा आमचा तर्क आहे. करांच्या वादांत हा सावधपणा त्यांचें शस्त्र झाला. स्वातंत्र्याच्या वादांत तो कधीं कधीं त्यांचाच हात धरूं लागला.

१९०७ च्या नोव्हेंबरांत सिमल्यास राजद्रोही सभाबंदीचें बिल आलें तेव्हां राशबिहारी घोष यांच्याबरोबर गोखल्यांनीं त्यास स्वच्छ विरोध केला. दडपशाहीनें असंतोष नाहींसा होत नसून तो जमिनीखालीं जातो, हा त्या भाषणाचा गाभा. यावर कोणास कांहीं शंका घेतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि मग सव्वादोन वर्षांनीं प्रेसबिल आलें.

प्रसंग खरोखरच बिकट होता. १९०९ च्या डिसेंबरांत नाशकास जॅक्सनचा खून झालेला; १९१० च्या जानेवारींत कलकत्त्यास हायकोर्टाच्या आवारांत शमसुल आलम या पोलीस अधिकाऱ्याचा. नव्या सुधारणांचें कौन्सिल नुकतेंच भरलेलें, आणि त्याच्यापुढें जवळजवळ पहिलेंच मोठें काम म्हणून छापखान्यांकडून जामीन घेण्याचें व तो जप्त करण्याचें हें बिल. चार-पांच दिवसांत तें पास झालें. बिनसरकारी सभासदांपैकीं विरुद्ध मत देणारे दोनच निघाले: मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू. गोखले त्यांत नव्हते. एरवीं आपण याचा विरोध केला असता, पण परिस्थिति असाधारण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

आमच्या बैठकींतील वादाचें मूळ तें हेंच. एका वृद्ध स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, खून पडत असतां जबाबदार माणसानें सरकारचे हात बांधावयाचे नसतात; शिवाय विनाचौकशी हद्दपार केलेल्या बंगाली पुढाऱ्यांची सुटका त्याच महिन्यांत झाली, तेव्हां गोखल्यांनीं मुकाट्यानें कांहीं मिळविलें असेल तर तें मोजलें पाहिजे. हें मोजण्यास आमची ना नाहीं. तरी आमचा निर्णय त्यांच्या विरुद्ध जातो, आणि तो गोखल्यांच्याच साक्षीनें जातो. दडपलेला असंतोष जमिनीखालीं जातो हें १९०७ सालीं खरें असेल तर १९१० सालीं तें खोटें होण्यास कारण काय घडलें? खून हें कारण नव्हे. त्यांच्याच युक्तिवादाप्रमाणें खून हा जमिनीखालीं गेलेल्या असंतोषाचा पुरावा ठरतो. टिळक त्या वेळीं मंडालेस होते. खुद्द कोल्हापुरांत ‘ग्रंथमाला’ चालविणाऱ्या प्रो. विष्णु गोविंद विजापुरकरांस त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांतील एका लेखापायीं राजद्रोहाच्या खटल्यांत कारावास भोगावा लागला, आणि तोहि प्रेस ॲक्ट येण्यापूर्वींच. जुने कायदे दुबळे होते असें निदान या गांवास तरी कोणी सांगूं नये. १९१० चा कायदा अखेर १९२२ सालीं रद्द झाला. मधल्या बारा वर्षांत जामिनाच्या धाकानें किती लेख लेखकाच्या मनांतच मेले, त्यांची गणती कोण करणार? मासिकांत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट अंमळ अधिक बोंचते, हेंहि कबूल आहे.

एक श्रेय मात्र दिलें पाहिजे. त्यांनीं हें मत लपविलें नाहीं. आज लोकसभेंत पुष्कळशीं बिलें आवाजी मतानें निकालांत निघतात, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्यास आपली जागा गमावण्याची भीति असते. त्यामुळें सभासदाचें भाषण एक व मत दुसरें दिसलें तरी बोट कोणाकडे दाखवावें हें कळत नाहीं. गोखल्यांवर पक्षाचा हुकूम नव्हता. चूक झाली ती त्यांची स्वतःची, त्यांच्या नांवावर नोंदलेली.

आणि आतां तिसऱ्या खंडाकडे. १६ मार्च १९११ रोजीं मांडलेलें प्राथमिक शिक्षणाचें बिल वाचतांना प्रथम त्याच्या नेमस्तपणाचें आश्चर्य वाटतें. सक्ती कोठें? तर स्थानिक संस्था मागेल तेथें, तीहि सरकारच्या परवानगीनें, आणि जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील तेथेंच. वय सहा ते दहा. प्रारंभीं फक्त मुलगे. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या पालकास फी माफ. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालींच सर्व राज्यांत सक्ती लागू केली होती. तिच्या मानानें हें पाऊल पाऊणच. तें सुद्धां १९ मार्च १९१२ रोजीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं फेटाळलें गेलें. अडतिसांतील सरकारी सभासद हुकमाचे ताबेदार होते. पण जमीनदार वर्गांतील कांहीं हिंदी सभासदहि विरोधी होते, हें विसरूं नये. आपलें बिल पडणार हें गोखल्यांस पक्कें ठाऊक होतें, आणि आपल्या पिढीनें अपयशांतूनच देशाची सेवा करावयाची आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांनीं काढले. येथें सावधपणा आणि धैर्य एकाच घरांत नांदतात. १९१० च्या फेब्रुवारींत हरवलेला माणूस आम्हांस येथें परत भेटला.

हें बिल मंजूर झालें असतें तरी संस्थान असल्यामुळें तें कोल्हापुरास लागू झालें नसतें. येथें काम झालें तें वेगळ्या मार्गानें: १९१७ सालीं शाहू महाराजांनीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि त्यास कोणाच्या मतांची गरज पडली नाहीं. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजींच निवर्तले होते. आमच्या वृद्ध स्नेह्यांनीं यावर, मतांपेक्षां हुकूम बरा, असा टोला मारला. त्यास आम्हीं उत्तर दिलें, तें त्यांस पटलें नाहीं, आणि चहा निवाला.

या खंडांची नवी आवृत्ति कोणी काढील तर त्यांनीं शेवटीं एक कालानुक्रमाचें परिशिष्ट जोडावें, अशी आमची विनंति आहे: तारीख, बिल, बाजूनें किती, विरुद्ध किती, आणि गोखले कोणत्या बाजूस. चार पानांहून अधिक जागा लागणार नाहीं.