टॉवर, वाहिनी आणि पाळी

मोबाइलच्या जाळ्याबद्दल बोलताना आपण तीनच शब्द वापरतो. बोलीत 'टॉवर' आणि 'रेंज', लिखाणात 'वाहिनी'. एवढ्यावर भागतं का? आमच्या मते, नाही.

आधी टॉवर. तो नुसता लोखंडी सांगाडा. फोनशी बोलणारं यंत्र म्हणजे बेस स्टेशन, ते वेगळं. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची बेस स्टेशनं असू शकतात. म्हणजे 'गावात टॉवर आहे' या वाक्यातून आपल्या फोनबद्दल फारसं काहीच कळत नाही.

आता वाहिनी. टीव्हीच्या चॅनेलवरून हा शब्द आपल्या कानात बसला. ऐकला की अखंड वाहणारी नळी डोळ्यांपुढे येते. पण जीएसएममध्ये, म्हणजे आपल्या टू-जीमध्ये, तसं नसतं. तिथे 200 किलोहर्ट्झच्या एका पट्ट्याचे वेळेनुसार 8 तुकडे पाडतात. एक तुकडा 0.577 मिलिसेकंदाचा, 4.615 मिलिसेकंदांनी पुन्हा तोच नंबर. अहो, ही तर पाणीपाळी! चारी एक, शेतकरी आठ. ज्याची पाळी, त्याचं पाणी. पट्टा ही चारी, तुकडा ही पाळी.

आणखी एक घोळ बघा. त्या पाळीत चालणाऱ्या कामालाही इंग्रजीत चॅनेलच म्हणतात: फोनला हाक मारणं, फोनने जागा मागणं, प्रत्यक्ष बोलणं. इंग्रजी निदान 'फिजिकल' आणि 'लॉजिकल' अशी विशेषणं लावते. आपण दोन्हींना वाहिनी म्हटलं की भेदच संपतो. तेव्हा वाहिनी हवी तर कामासाठी ठेवू, जागेला पाळी म्हणू. 'रात्रपाळी' म्हणताना कोणी हसत नाही, इथेही हसणार नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. जत्रेच्या दिवशी फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि फोन लागत नाही. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, पाळी मोकळी आहे की नाही ते दाखवत नाहीत. बेस स्टेशनच्या पहिल्या पट्ट्यावर 8 पैकी किमान एक पाळी सूचनांसाठी राखीव असते; पूर्ण दराने बोलायला उरतात फार तर 7. आपण तक्रार करतो, 'रेंज नाही.' पलीकडून उत्तर येतं, 'रेंज आहे.' तेही खरंच असतं, आणि तक्रार तिथेच मिटते. 'रेंज आहे, पाळी मिळत नाही' असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: पट्टे कधी वाढवणार?