मैत्री, माया आणि सीमासंभेद

मैत्रीभावना दृढ झाली म्हणजे जग मायारूप असल्याचा प्रत्यय येतो, असे प्रतिपादन धम्मप्रवचनांतून अधूनमधून ऐकू येते. आधार म्हणून आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’तील नववा परिच्छेद, ब्रह्मविहारनिद्देस, पुढे केला जातो. तो पुन्हा वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण जग माया ठरले तर गावकुसाबाहेरचे दुःखही माया ठरते, आणि त्याविषयी कोणासच कर्तव्य उरत नाही.

आचार्य आरंभीच मैत्री व आसक्ती वेगळ्या करतात. राग हा मैत्रीचा जवळचा शत्रू. प्रिय व्यक्तीविषयी मैत्री भावावी, असे एका स्थविराने अमात्यपुत्रास सांगितले. त्याने पत्नीविषयी भावना आरंभिली आणि रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला! प्रेमातच सत्यदर्शन होते म्हणणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

पुढे क्रोधशमनाचे उपाय येतात. त्यांपैकी एक धातुविनिब्भोग. क्रोध नेमका कशावर? केसांवर, की पृथ्वीधातूवर? शोधू जाता क्रोधास टेकण्यास जागा सापडत नाही. मायावादी अर्थ लावणारे येथेच थांबतात. आचार्य मात्र थांबत नाहीत. ज्यास हे साधत नाही त्याने दानसंविभाग करावा, आपले त्यास द्यावे व त्याचे आपण घ्यावे, असे ते लगेच सांगतात. चित्तलपर्वत विहारात एका महास्थविराने ज्या पिंडपातिक स्थविरास तीनदा निवासस्थानातून उठविले, त्यानेच त्या महास्थविरास आपले पात्र दिले. पात्र आठ कार्षापणांचे, आईने दिलेले. मायेला कोणी पात्र देत नाही. त्यातही ‘घ्यावे’ हा अर्धा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आपल्या समाजात दान करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. आमच्या हातचे पाणी घेणारे नव्हते.

फेणसुत्तात विज्ञानास मायेची उपमा आहे, हे खरे. पण ती चव्हाट्यावरील जादूगाराच्या खेळाची. वेदान्तातील ब्रह्माच्या मायेशी तिचा संबंध नाही. तेथे स्कंध निःसार म्हटले आहेत, दुःख असत् म्हटलेले नाही.

मग मैत्रीत नाहीसे होते ते काय? आचार्यांचा शब्द आहे सीमासंभेद. साधक, त्याचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले असता चोर येऊन बळीसाठी एक भिक्षू मागतात. ‘अमक्यास न्या’ असे मनात आले तर सीमा भंगली नाही. ‘मला न्या’ असे आले तरीही नाही. चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच ती भंगते. म्हणजे माणसे चारही उरतात. खोटी ठरते ती त्यांच्यामधली रेघ.

आचार्यांविषयी आमची एक तक्रार मात्र आहे. त्यांचे सारे उपाय क्रोध आलेल्यासाठी आहेत. निवासातून उठविणाऱ्यास त्यांनी काहीच विचारलेले नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेपुढे जाऊन मैत्रीची आवश्यकता सांगितली, ती वाचताना हा प्रश्न आम्ही सोबत ठेवतो.