दहा गुणिले कंस

सिरोसिसचा रुग्ण जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेला, की आयसीयूबाहेर एकच प्रश्न असतो: वाचेल का? तो आकड्यांत पकडायचे प्रयत्न जुने आहेत. १९६४ च्या चाइल्ड-टर्कॉट वर्गीकरणात ‘पोषण’ हा निकष चक्क डॉक्टरांच्या नजरेवर सोडला होता. मला भुरळ घालतो तो २०१४ चा क्लिफ-सी एसीएलएफ स्कोअर (एसीएलएफ म्हणजे जुनाट यकृतविकार अचानक चिघळून अवयव निकामी होणं), युरोपातल्या कॅनॉनिक अभ्यासातून आलेला.

सूत्र एका ओळीचं. अवयवांचे गुण गुणिले ०.३३, अधिक वय गुणिले ०.०४, अधिक पांढऱ्या पेशींच्या (हजारांतल्या) आकड्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम गुणिले ०.६३, उणे २. सगळ्याला दहाने गुणायचं.

अवयव सहा: यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्त गोठणं, रक्ताभिसरण, श्वसन. प्रत्येकाला एक ते तीन गुण; बिघाड जास्त तितके गुण जास्त, आणि गुण जास्त तितका जिवाला धोका जास्त. आजार यकृताचा, तरी यकृताला मान इतरांइतकाच! रचणाऱ्यांची जाण इथे दिसते. यकृत बिघडलंय हे सगळ्यांना ठाऊकच असतं. माणूस हातचा जातो तो बाकीचे अवयव एकामागून एक बसल्यामुळे. एक अवयव एक पायरी घसरला की ३.३ गुण, म्हणजे रुग्ण एकदम आठेक वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा.

खरी मौज मात्र लॉगॅरिथमची. पेशी ५ हजारांवरून १० वर जावोत की १० वरून २० वर, भर सारखीच, सुमारे ४.४ गुणांची. सिरोसिसमध्ये वाढलेली प्लीहा पेशी अडवून धरते, त्यामुळे मूळ आकडाच कमी असतो. रिपोर्टात ‘नॉर्मल’ दिसणारे १० हजार इथे दुप्पट झालेले असू शकतात. ही वाढ पटीतच मोजायला हवी.

रक्ताभिसरणाच्या रकान्यात मात्र सूत्र आखडतं. सरासरी रक्तदाब ७० च्या खाली गेला की दोन गुण, तो टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन लागलं की तीन. सेप्टिक शॉकमध्ये सगळेच तीनवाले! किंचितशा डोसवर तगलेला आणि दोन-दोन औषधं चढवूनही न सावरणारा, दोघांना एकच माप.

शॉकमध्ये रक्तात वाढणारं लॅक्टेट तर मूळ सूत्रात नाहीच. ते जोडलेली आवृत्ती मागाहून आली. लॅक्टेटचा निचरा मुख्यतः यकृत करतं, म्हणून वाढलेला आकडा शॉकचा की थकलेल्या यकृताचा, हे सांगता येत नाही. निदानाला ही अडचण खरी, पण भाकिताला मला तो गुणच वाटतो. जिवावर बेततं ते दोन्हींमुळे. आणि हे सूत्र पहिल्याच दिवशी वाचून मिटू नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसात पुन्हा मांडावं. उपचारांना शरीर कितपत दाद देतंय, ते तोवर आकड्यांत उतरलेलं असतं.