३६ ऑलआउट ते गाबा: या दौऱ्यातून आपण चुकीचा धडा तर घेत नाही ना?



पीएचडीला लागलात की एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकवली जाते. भारताचा २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ महिनाभराने ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर जिंकतो. तात्पर्य: प्रयोग फसला तरी जिद्द सोडू नका.

मी क्रिकेटवेडा आहे. १९ जानेवारी २०२१ च्या दुपारी लॅबमधलं काम बाजूला ठेवून मी मोबाईलला चिकटून बसलो होतो. पण आज मी या गोष्टीवर टीका करणार आहे. दौऱ्यावर नाही, तो आपण ज्या पद्धतीने सांगतो त्या पद्धतीवर. कारण या 'जिद्दी'पायी माझे स्वतःचे चार महिने वाया गेले आहेत. ते शेवटी सांगतो. आधी डेटा बघू.

दौरा एक, मोजमापं तीन

दौऱ्यात तीन एकदिवसीय, तीन टी-ट्वेंटी आणि चार कसोटी सामने झाले. एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली. टी-ट्वेंटी मालिका भारताने २-१ अशी आणि कसोटी मालिकाही २-१ अशीच. म्हणजे एकूण दहापैकी पाच विजय, चार पराभव, एक अनिर्णित.

आता मला सांगा, या 'पाच-चार-एक'चा अर्थ काय? जवळजवळ काहीच नाही. वीस षटकांचा सामना आणि पाच दिवसांची कसोटी यांची बेरीज करणं म्हणजे तापमान आणि वजन एकत्र करून सरासरी काढण्यासारखं आहे.

दोन खेळाडू घ्या. हार्दिक पंड्याने तीन एकदिवसीय सामन्यांत ९०, २८ आणि नाबाद ९२ अशा २१० धावा केल्या आणि टी-ट्वेंटीत तो मालिकावीर ठरला. पण तो कसोटी संघात नव्हता. ऋषभ पंत मात्र एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी या दोन्ही संघांत नव्हता. त्याच पंतने तीन कसोटींत २७४ धावा केल्या आणि मालिकेत भारतातर्फे सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'भारताचा सर्वोत्तम फलंदाज कोण' असं विचारलं असतं तर पंतचं नाव कुणी घेतलं नसतं. प्रश्नच अर्धवट होता. सर्वोत्तम कशात, हे आधी ठरवायला हवं.

सिनॉप्सिस लिहिताना आपण हीच चूक करतो. 'अमुक पदार्थाची कार्यक्षमता तपासणे' असं उद्दिष्ट लिहितो. कुठली कार्यक्षमता? कोणत्या परिस्थितीत? हे लिहिलेलं नसतं, आणि मग व्हायवाला घाम फुटतो.

३६ हा आकडा काय सांगतो?

आता ॲडलेड. भारताने पहिल्या डावात २४४ केल्या, ऑस्ट्रेलियाला १९१ वर रोखलं आणि ५३ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या दिवसअखेर भारत १ बाद ९. म्हणजे एकूण ६२ धावांनी पुढे आणि नऊ गडी हातात. सामना भारताकडे झुकलेला होता असं म्हणायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी तासाभरात सगळं संपलं. हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले, कमिन्सने २१ धावांत ४. एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. यष्टिरक्षक टिम पेनने एकट्याने पाच झेल घेतले.

शेवटचा तपशील नीट बघा. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला की फलंदाज बाद. दोन इंच इकडे-तिकडे झाला की फलंदाज चुकला, पण वाचला. गोलंदाजी अप्रतिम होती, त्यात वाद नाही. पण अशा एका सत्रात कड किती वेळा लागेल यात नशिबाचा वाटा असतो. म्हणून ३६ वरून 'आपल्या फलंदाजांना स्विंग खेळताच येत नाही' असा निष्कर्ष काढणं घाईचं होतं. त्याच संघाने त्याच खेळपट्टीवर दोन दिवसांपूर्वी २४४ केल्या होत्या, हाही डेटाच आहे ना?

टोकाच्या निकालानंतरचा पुढचा निकाल सहसा सरासरीच्या जवळ येतो. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. ३६ नंतर काहीच बदललं नसतं, तरी पुढच्या डावात धावा वाढल्याच असत्या. त्याचं श्रेय कुणाच्या भाषणाला द्यायचं कारण नाही.

परतला तो संघ वेगळाच होता

'तोच संघ पेटून उठला' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते चूक आहे. मेलबर्नला अकरापैकी चार जण बदलले होते. कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला होता, शमी जखमी होता, पृथ्वी शॉ आणि साहा यांना वगळलं. गिल, पंत, जडेजा आणि सिराज आत आले. त्यातल्या गिल आणि सिराजची ही पहिलीच कसोटी.

मला सगळ्यात आवडलेला निर्णय जडेजाचा. फलंदाजी ३६ वर कोसळल्यावर कुणीही एक फलंदाज वाढवला असता. रहाणे आणि संघ व्यवस्थापनाने कोहलीच्या जागी अष्टपैलू घेतला, म्हणजे पाच गोलंदाज झाले. ३६ कडे बघून ते घाबरले नाहीत, सामने जिंकायचे तर वीस बळी लागतात हा मूळ हिशेब त्यांनी सोडला नाही. ऑस्ट्रेलिया १९५ आणि २०० वर बाद झाला. रहाणेने ११२ केल्या, जडेजाबरोबर १२१ ची भागीदारी केली आणि भारत आठ गडी राखून जिंकला.

ब्रिस्बेनपर्यंत तर आणखी पडझड झाली. बुमरा, अश्विन, जडेजा, विहारी सगळे जायबंदी. चारही कसोटी खेळलेले भारतीय फक्त दोन: रहाणे आणि पुजारा. मालिकेत एकूण वीस खेळाडू वापरले गेले. गाबाला उतरलेल्या सिराज, सैनी, शार्दुल, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या पाच गोलंदाजांच्या नावावर त्याआधी कसोटीत मिळून ११ बळी होते. समोरच्या चौघांच्या नावावर एक हजाराहून जास्त. नटराजन तर या दौऱ्यावर नेट बोलर म्हणून आला होता! आपला पालघरचा शार्दुल आणि सुंदर यांनी १२३ धावांची भागीदारी केली नसती, तर शेवटच्या दिवशीच्या ३२८ च्या पाठलागाची गोष्टच सांगायला उरली नसती.

तेव्हा, एकाच माणसाने दात-ओठ खाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची ही गोष्ट नाही. राखीव फळी तयार असण्याची आणि योग्य गोष्ट बदलण्याची ही गोष्ट आहे.

पण थांबा, माझाही निष्कर्ष तपासा

मी 'राखीव फळी' म्हणालो आणि तुम्ही लगेच मान डोलावली असेल, तर तीही चूकच. दुसरी कारणं असू शकतात. ऑस्ट्रेलियाने चारही कसोटींत तेच चार गोलंदाज खेळवले. सिडनीला भारताने शेवटच्या डावात १३१ षटकं खेळून काढली. पायाचा स्नायू दुखावलेल्या विहारीने १६१ चेंडू आणि अश्विनने १२८ चेंडू तटवले. नंतर चौथ्याच दिवशी ब्रिस्बेन. मग गाबाला भारताची फळी जिंकली की त्यांचे गोलंदाज दमले होते? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यामुळे एका मालिकेवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही याच दौऱ्यात आहे. पहिल्या दोन एकदिवसीय सामन्यांत ऑस्ट्रेलियाने ३७४ आणि ३८९ धावा कुटल्या, सलामीला १५६ आणि १४२ ची भागीदारी झाली. तिसऱ्या सामन्यात भारताने चार बदल केले आणि १३ धावांनी जिंकला. बदलांचा परिणाम? कदाचित. पण त्या सामन्यात वॉर्नर जखमी होता आणि कमिन्सला विश्रांती दिली होती. पेपर वाचताना 'आम्ही हे बदललं आणि ते सुधारलं' असं दिसलं की विचारायची सवय लावा: त्याच वेळी आणखी काय बदललं होतं?

माझे चार महिने

दुसऱ्या वर्षी माझी पातळ थरांची सॅम्पल्स सारखी तडकत होती. मी ३६ ते गाबाची गोष्ट मनाशी घोकत तोच प्रयोग, त्याच कृतीने, चार महिने करत राहिलो. रात्री जागलो, सुट्ट्या बुडवल्या. शेवटी एका ज्युनियरने सहज विचारलं, "दादा, भट्टीचं तापमान दुसऱ्या थर्मोकपलने कधी तपासलंय का?" तपासलं नव्हतं. थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवत होतं. बदलल्यावर आठवड्याभरात धड सॅम्पल मिळालं.

जिद्द माझ्याकडे भरपूर होती. पण मेलबर्नच्या आधी त्यांनी जे केलं, म्हणजे काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे शांतपणे बसून ठरवणं, ते मी केलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी एखादा निकाल ३६ सारखा आला, तर कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. यात नशिबाचा भाग किती असू शकतो? मूळ योजनेतलं काय अजूनही बरोबर आहे? आणि कोणती एक गोष्ट आधी बदलून बघायची? हे लिहून झाल्याशिवाय प्रयोग पुन्हा लावू नका. आणि हो, थर्मोकपल तपासा.