हेराच्या मनगटावरील घड्याळ

हेर म्हणजे दिसूं नये म्हणून नेमलेला मनुष्य. त्यानें भर बाजारांत उभें राहावें आणि बाजारानें त्यास विसरून जावें, यांतच त्याच्या विद्येची परीक्षा आहे. असें असतां, गेल्या साठ वर्षांत जगांत सर्वाधिक लोकप्रिय झालेल्या हेरपटांच्या नायकाविषयीं प्रेक्षकास एखादी गोष्ट हमखास सांगतां येत असेल, तर ती ही कीं, त्याच्या मनगटावर कोणत्या कंपनीचें घड्याळ होतें! ही विसंगति केवळ थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. चित्रपट ही कला आहे असें आपण मानीत असूं, तर तींतील प्रत्येक वस्तूचें पात्राशीं कांहीं नातें दाखवितां आलें पाहिजे. क्षेमेंद्रानें ज्याला औचित्य म्हटलें, तोच प्रश्न येथें उभा राहतो. फरक इतकाच कीं, येथील अलंकार शब्दांचा नसून पोलादाचा आहे आणि तो स्वित्झर्लंडहून आलेला आहे.

जेम्स बाँडचा जनक इअन फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यांत काम केलेला गृहस्थ. १९५३ सालीं ‘कॅसिनो रॉयल’ प्रसिद्ध करून त्यानें या पात्रास जन्म दिला. वाङ्मय म्हणून त्याच्या कादंबऱ्यांस फार वरचें आसन देण्यास माझें मन घेत नाहीं. परंतु वस्तूंवरून माणूस ओळखण्याची त्याची हातोटी मात्र अस्सल होती. ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ (१९५७) या कादंबरीचा आरंभ पाहावा. पोहण्याच्या तलावाकांठीं एक विवस्त्र मनुष्य पालथा पडला आहे. तो जिवंत आहे कीं मृत, हेंहि प्रथम उमगत नाहीं. शेजारीं गवतावर त्याच्या चारदोन वस्तु पडल्या आहेत, आणि त्यांत जिरार-पेरेगो या स्विस कारखान्याचें एक अवजड सोन्याचें घड्याळ आहे. लेखक त्या वस्तूंचें निगुतीनें वर्णन करतो, आणि त्या वर्णनांतूनच या माणसाविषयींची एक अस्वस्थ शंका वाचकाच्या मनांत पेरून ठेवतो. पुढें तो मारेकरी निघतो. उलट ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६३) या कादंबरींत खुद्द बाँडचें रोलेक्स घड्याळ त्याच्या मुठीवर चढतें. शत्रूच्या एका पहारेकऱ्यास ठोसा मारण्यासाठीं तो त्याची पोलादी साखळी बोटांभोंवतीं आवळतो. वस्तु मोलाची खरी, परंतु मालकाचा जीव तिच्यांत अडकलेला नाहीं. एका ठिकाणीं घड्याळ माणसाचा स्वभाव उघडा करतें, दुसऱ्या ठिकाणीं तें त्याच्या हातचें हत्यार होतें. दोन्ही ठिकाणीं तें कथेचें आहे, कंपनीचें नाहीं.

पडद्यावर बाँड आला तो १९६२ सालीं, ‘डॉक्टर नो’ या चित्रपटांतून. शॉन कॉनरीच्या मनगटावर तेव्हां रोलेक्सचें ‘सबमरिनर’ होतें. आज हें नांव श्रीमंतीची खूण झालें आहे. त्या काळीं तें पाणबुड्यांच्या उपयोगाचें, राकट घड्याळ होतें. या घड्याळाचा सर्वांत सुंदर उपयोग, माझ्या मतें, ‘गोल्डफिंगर’ (१९६४) या चित्रपटाच्या अगदीं आरंभीं झाला आहे. नायक रात्रीं पाण्यांतून येतो, शत्रूच्या कोठारांत सुरुंग पेरतो, अंगावरील पाणबुड्याचा वेष उतरवतो, आणि आंतल्या शुभ्र कोटानिशीं पानगृहांत जाऊन उभा राहतो. तेथें तो सिगरेट पेटवतो आणि त्याच ज्योतीच्या उजेडांत मनगटाकडे एक दृष्टि टाकतो. क्षणभरानें स्फोट होतो; भोंवतालची मंडळी सैरावैरा पळतात; हा मात्र जागचा हलत नाहीं. येथें घड्याळ कांहीं करीत नाहीं. तें केवळ वेळ सांगतें, आणि त्या एका दृष्टिक्षेपांत भोंवतालच्या सर्वांपेक्षां या मनुष्यास काय अधिक ठाऊक आहे, तें प्रेक्षकास कळतें. गंमत अशी कीं, त्या घड्याळाचा कापडी पट्टा त्याच्या मापाला अरुंद आहे. दोन्ही बाजूंस फट दिसते. आज कोणती कंपनी असा पट्टा पडद्यावर दिसूं देईल?

येथून पुढें मात्र उतरण लागली. १९६५ च्या ‘थंडरबॉल’ मध्यें ब्राइटलिंगच्या घड्याळांत किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र आलें. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ मध्यें रोलेक्स लोहचुंबक झालें आणि त्याची कड करवतीसारखी फिरूं लागली. आपल्या महाकाव्यांतहि नायकांस अस्त्रें मिळतात. परंतु तीं मिळविण्यास तप करावें लागतें आणि चालविण्यास किंमत मोजावी लागते. कर्णाची वासवी शक्ति एकदांच चालणार होती, म्हणूनच ती घटोत्कचावर खर्ची पडते तेव्हां आपल्या काळजांत चर्र होतें. बाँडचें घड्याळ हें बिनतपाचें अस्त्र आहे. कथाकाराची कल्पकता जेथें थकते, तेथें तें नायकाच्या मदतीस धांवतें. थंडरबॉलमधील तें ब्राइटलिंग पुढें कोणास जुन्या बाजारांत २५ पौंडांस सांपडलें, आणि २०१३ सालीं लंडनच्या लिलांवांत त्यास एक लाखाहून अधिक पौंड आले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. चित्रपटापेक्षां त्या घड्याळाचीच कथा अधिक रंजक निघाली म्हणावयाचें!

या पडद्यावरील घड्याळांचा इतिहास जोडून पाहिला म्हणजे त्यांतून दुसराच एक इतिहास डोकावूं लागतो. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सीको कंपनीनें गारेच्या स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. स्वस्तांत अचूक वेळ मिळूं लागली आणि स्विस कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कौशल्यावर संक्रांत आली. १९७० च्या सुमारास त्या धंद्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसें होतीं. पंधरा वर्षांत ती संख्या तिसऱ्या हिश्शावर उतरली. आणि पाहा, १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’ मध्यें बाँडच्या मनगटावर सीको आहे व त्यांतून संदेशाची छापील पट्टी बाहेर पडते. १९८३ च्या, आपल्या उदेपुरांत चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’ मध्येंहि सीकोच आहे. १९९५ च्या ‘गोल्डनआय’ पासून ओमेगा आलें, तें आजतागायत गेलेलें नाहीं. मधल्या काळांत स्विसांनीं एक गोष्ट ओळखली होती: वेळ आतां कोणीहि विकूं शकतो, आपण प्रतिष्ठा विकावी. त्या प्रतिष्ठेला वाहणारा एक देखणा खांदा हवा होता, तो बाँडनें दिला.

या व्यवहाराचा कळस २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’ मध्यें होतो. आगगाडींत नायक-नायिका एकमेकांच्या स्वभावाचा अंदाज बांधीत बसलीं आहेत. चुरचुरीत संवादाचा हा प्रसंग खरोखर चांगला लिहिलेला आहे. त्यांतच ती त्याच्या घड्याळाच्या कंपनीचें नांव ओळखूं पाहते, तें चुकतें. तो दुसरें नांव सांगतो, आणि ती त्या घड्याळाची तारीफ करते. या दोन वाक्यांनीं पात्रें क्षणभर पात्रें राहत नाहींत, दुकानांतील गुमास्ते होतात. फ्लेमिंगच्या कादंबरींत वस्तु माणसाविषयीं बोलत असे. येथें माणूस वस्तूविषयीं बोलतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाहीं.

आपल्याकडे हे चित्रपट आले तेव्हां स्विस घड्याळाला येथें निराळाच अर्थ होता. सातारा-सांगलीकडील मध्यम स्थितींतल्या घरांत वेस्ट एंड किंवा फाव्र-ल्युबा म्हणजे जांवयाला दिलेली, किंवा नोकरी कायम झाल्यावर काटकसरीनें घेतलेली वस्तु. रोज ठराविक वेळीं तिला किल्ली द्यावयाची, अंघोळीला जातांना ती कोनाड्यांत ठेवावयाची आणि मुलांनीं तिला हात लावावयाचा नाहीं! स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगलोरास एच. एम. टी.चीं घड्याळें होऊं लागलीं. आणि परदेशी घड्याळ हा सोन्याच्या लगडींबरोबर बंदरावर चोरून उतरणारा माल झाला. म्हणजे ज्या काळांत तिकडे तें घड्याळ कायद्याच्या रक्षकाच्या हातावर मिरवत होतें, त्या काळांत इकडे तें कायदा मोडणाऱ्याच्या पेटींत होतें. ‘फर्ज’ (१९६७) सारख्या हिंदी हेरपटांनीं बाँडचा थाट उचलला, परंतु जत्रेच्या तंबूंत बसलेल्या प्रेक्षकाला तो थाट परका वाटल्यावांचून राहिला नसेल. पुढें मेघना गुलजार यांच्या ‘राझी’ (२०१८) या चित्रपटांत १९७१ च्या युद्धापूर्वीं पाकिस्तानांतील लष्करी घराण्यांत सून होऊन गेलेली हेर मुलगी आली. तिचीं शस्त्रें म्हणजे स्वयंपाकघर, घरांतील माणसांच्या जाण्यायेण्याच्या वेळा आणि त्यांचा तिच्यावरील विश्वास. त्या विश्वासाचा घात करतांना तिचें जें होतें, तें कोणत्याहि यंत्रानें दाखवितां आलें नसतें.

‘राझी’ मधील ही समज आपल्या भूमीला नवी नाहीं. सांगली जिल्ह्यांत, खानापूर तालुक्यांत बाणूरगड उर्फ भूपाळगड आहे. तेथें शिवछत्रपतींच्या हेरांचा नाईक बहिर्जी याची समाधि दाखवितात. त्याच्याविषयीं विश्वसनीय मजकूर थोडा आणि दंतकथा फार. सभासदानें सुरतेच्या संबंधांत त्याचें नांव घेतलें आहे. जालन्याच्या लुटीनंतर फौजेला आडवाटेनें पट्टागडावर सुखरूप आणल्याचें श्रेयहि त्याला दिलें आहे. हेराच्या चरित्रांत ही त्रोटकता शोभून दिसते. लाल महालाचा प्रसंग घ्या. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना, दिवसभराच्या उपवासानंतर जेवून पहारेकरी सुस्तावलेले, मुदपाकखान्याकडील बुजवलेली वाट. ही वेळ कोणत्या घटिकापात्रानें सांगितली? ती शत्रूच्या भुकेनें आणि झोंपेनें सांगितली. स्वतःची वेळ कोणालाहि कळते. दुसऱ्याची वेळ कळणें ही हेराची विद्या.

दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या मराठी चित्रपटानें हाच प्रसंग घेतला आहे आणि बहिर्जीला त्यांत मानाचें स्थान आहे. शाइस्तेखानाच्या छावणीविषयींची उत्कंठा त्यानें चांगली राखली, आणि अशा विषयाला मराठी प्रेक्षक गर्दी करतो हें पाहून समाधान वाटतें. परंतु त्याच्या जाहिरातींत ‘पहिला सर्जिकल स्ट्राइक’ हे शब्द आले, तेव्हांच मनांत पाल चुकचुकली. आजच्या वर्तमानपत्रांतील शब्द सतराव्या शतकाला चिकटवणें म्हणजे त्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेंच आहे. वेषांतराविषयींहि तेंच. वेष बदलतांच टाळ्या पडतात, आणि टाळ्या पडल्या कीं दिग्दर्शकाला पुढचा वेष सुचतो. पण ज्या वेषाला टाळी पडली, तो वेष खानाच्या पहारेकऱ्यानें ओळखला नसता काय? बहिर्जी पडद्यावर जितका तेजस्वी दिसेल, तितका तो हेर म्हणून खोटा ठरेल. ही अडचण मोठी आहे, आणि बाँडच्या चित्रपटांनीं ती सोडवण्याऐवजीं विकून टाकली. मराठी दिग्दर्शकानें ती अंगावर घ्यावी अशी माझी अपेक्षा आहे. इंग्रजींत ती घेणारे निघाले. जॉन ल कॅरेच्या कादंबऱ्यांतील जॉर्ज स्मायली हा स्थूल, चष्मा पुसणारा, कोणाच्या लक्षांत न राहणारा प्रौढ गृहस्थ त्याचीच साक्ष आहे.

विषयांचा तोटा तर नाहींच. एकत्रित सातारा जिल्ह्यांत (सांगली तेव्हां संस्थान होतें, दक्षिण सातारा वेगळा निघाला तो १९४९ मध्यें) प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते गांवोगांव वावरत होते. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यांत कामास आले. पाहऱ्याच्या संवयी निरखण्याखेरीज बंदिवानांपाशीं दुसरें साधन तें काय असणार? त्यापूर्वीं दीड महिना, ७ जूनला, शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनीं जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखालीं पगाराची रक्कम नेणारी गाडी रुळांवर दगड रचून अडवली. गाडी कोणती, ती केव्हां येणार आणि तींत काय आहे, हें आधीं कोणीतरी कानोसा घेऊन ठेवलें होतें. तो कानोसा घेणाराचें काम चित्रपटाचें आहे, गोळीबाराचें नव्हे.

शेणोलीचा प्रसंग उद्यां कोणीं पडद्यावर आणलाच, तर ‘गोल्डफिंगर’ च्या त्या पहिल्या पांच मिनिटांचा त्यानें अवश्य अभ्यास करावा. त्या दृष्टिक्षेपाचा, घड्याळाचा नव्हे. दगड रचून झाले आहेत, पोरें झुडपांआड बसलीं आहेत. दुरून इंजिनाचा आवाज येईपर्यंत कॅमेऱ्यानें त्यांच्या चेहऱ्यांवरून हलूं नये.