त्रिलोक गुर्टू यांचे तालवादन : साथ आणि स्वायत्तता

प्रस्तावना :
मराठी संगीतसमीक्षेने घराणी, गायकी आणि रागविस्तार यांची चिकित्सा विपुल केली. तालवाद्यवादकाचा विचार मात्र बहुधा 'साथीदार' या सदराखालीच झाला. पाश्चात्त्य रॉक संगीतातही ड्रमवादक रंगमंचावर गायकाच्या मागेच बसतो. या दोन्ही परंपरांशी नाते असलेल्या त्रिलोक गुर्टू (जन्म १९५१, मुंबई) यांच्या कारकिर्दीच्या आधारे 'साथ' या संकल्पनेचा पुनर्विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

वारसा आणि जडणघडण :
गुर्टू यांच्या मातुःश्री शोभा गुर्टू (१९२५-२००४) या बेळगावात जन्मलेल्या ख्यातनाम ठुमरीगायिका. आजी मेनकाबाई शिरोडकर नृत्य व गायन या दोन्ही कलांत निपुण. म्हणजे हा वारसा मातृपरंपरेचा आहे. तबल्याची तालीम घेतलेल्या गुर्टू यांनी १९७०च्या दशकात ड्रमसेट हाती घेतला. ध्वनिमुद्रणात एकावर एक थर चढविले जातात हे ठाऊक नसल्याने ऐकू येणारे सर्व भाग एकट्यानेच वाजविण्याचा प्रयत्न आपण केला, असे त्यांनी सांगितले आहे. अज्ञानातून आलेली ही सक्ती पुढे त्यांची शैली ठरली. कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर 'ओरेगॉन' या अमेरिकन वाद्यवृंदात त्यांची जागा गुर्टू यांनी घेतली. त्यानंतर जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्लिश गिटारवादकाच्या त्रयीत ते होते; या त्रयीचा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील १९८९ चा कार्यक्रम ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे.

वादनाचे स्वरूप :
ड्रमवादकाच्या स्टुलाचा त्याग करून गुर्टू जमिनीलगत बसतात. ही बैठक केवळ दिखाऊ नाही. तिच्यामुळे तबला आणि ड्रम एकाच हाताच्या आवाक्यात येतात. झांजा वा घंटेसारखी वाद्ये ते पाण्याच्या बादलीत बुडवितात, तेव्हा नाद खाली घसरतो. बायावर तळहात सरकवून काढलेल्या घुमाऱ्याशी या परिणामाचे नाते उघड आहे. साधन बदलले, नादाची कल्पना तीच राहिली. रॉकमधील ड्रमवादक चार मात्रांपैकी दुसरी व चौथी ठळक करून काल बांधून ठेवतो. गुर्टू यांचे लक्ष समेकडे असते आणि तिहाईने ते वर्तुळ पूर्ण करतात.

मूल्यमापन :
'उसफ्रेत' (१९८८) या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत शोभाताईंचा आवाज आहे. माता-पुत्रांच्या या सहयोगाकडे 'फ्युजन' म्हणून पाहणे अपुरे ठरते. ठुमरीत गायिका शब्दाचे भाव उलगडत असताना तबलजी संयमाने ठेका धरतो आणि अखेरीस लग्गीत त्याला मोकळीक मिळते. गुर्टू यांचे वादन ही जणू त्या मोकळिकीचीच विस्तारित आवृत्ती आहे. मात्र 'आफ्रिकन फॅन्टसी' (२०००) सारख्या, अँजेलिक किजो आदी पाहुण्या कलावंतांच्या सहभागाने सजलेल्या निर्मितीत गीत अग्रभागी येते आणि वादक पुन्हा पार्श्वभूमीला जातो. ताण ओसरतो, आणि ठेका सुखद परंतु अनुमेय होतो. लग्गीची गोडी आधीच्या संयमावर अवलंबून असते. संयम आणि स्वैरता यांपैकी एकच उरले की दोन्ही निस्तेज होतात.

निष्कर्ष :
हा प्रश्न केवळ एका जागतिक कीर्तीच्या वादकापुरता मर्यादित नाही. नांदगावापासून मालवण किनाऱ्यापर्यंत दशावतारातील युद्धप्रसंग मृदंगाच्या बळावर उभा राहतो आणि डबलबारीची रंगत पखवाजावाचून वाढत नाही. तथापि या वादकांच्या कलेची नोंद अभ्यासात क्वचितच होते. साथ म्हणजे दुय्यमत्व नव्हे, तर दुसऱ्याच्या श्वासाचे भान राखून स्वतःचे विधान करण्याची शिस्त होय, हे गुर्टू यांच्या उत्तम वादनातून सिद्ध होते आणि त्यांच्या उणिवांतूनही. संगीतसमीक्षेने ही शिस्त स्वतंत्र मूल्य म्हणून स्वीकारल्यास गावोगावच्या अनाम वादकांनाही अभ्यासात त्यांचे न्याय्य स्थान लाभेल.